गाडीची कोणती कामे घरी करावीत आणि कोणत्या कामांसाठी मेकॅनिककडे जावे

पाच-सात वर्षे वापरलेली, वॉरंटी संपलेली साधी पेट्रोल हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. अशी गाडी बहुधा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, मालकाकडे स्वतःचे गॅरेज नसते आणि रविवारची सकाळ एवढाच काय तो मोकळा वेळ असतो. एवढ्या मर्यादेत काय करता येते, काय करू नये आणि जे करू नये ते दुसऱ्याकडून नीट कसे करून घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

काम घरी करावे की नाही हे ठरवताना बहुतेक लोक ‘हे मला जमेल का’ असा विचार करतात. माझ्या मते तो विचार दुय्यम आहे. पुढचे ब्रेक पॅड बदलणे हे एअर फिल्टर बदलण्यापेक्षा फार अवघड नाही. दोन बोल्ट, दोन क्लिपा आणि मागे ढकलायचा एक पिस्टन, एवढेच ते काम आहे. तरीही ब्रेक पॅडला घरी हात लावू नये आणि एअर फिल्टर मात्र स्वतःच बदलावा. एअर फिल्टरचे झाकण नीट बसले नाही तर बॉनेट उघडताच ते दिसते आणि दोन मिनिटांत सुधारता येते. ब्रेकच्या कामातली चूक मात्र खंबाटकी घाटाच्या उतारावर कळते. तेव्हा कसोटी अशी असावी की चूक झालीच तर ती गाडी जागेवर उभी असतानाच कळेल का आणि कळल्यावर आपल्याला ती सुधारता येईल का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर ते काम घरचे.

सुरुवात ग्लोव्ह बॉक्समध्ये वर्षानुवर्षे पडून असलेल्या मॅन्युअलपासून करावी. इंजिन ऑइलचा दर्जा, कूलंटचा प्रकार, बल्बचे क्रमांक, फ्यूजचा नकाशा, जॅक लावण्याच्या जागा आणि कोणते काम किती किलोमीटरवर करायचे याचा तक्ता, हे सारे त्यात छापलेले असते. त्यातली सर्व्हिसिंगच्या तक्त्याची पाने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावीत, कारण पुढे गॅरेजमध्ये बोलताना त्यांचाच सर्वाधिक उपयोग होतो. गाडी अजून वॉरंटीत असेल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचाव्यात आणि ठरलेल्या सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच कराव्यात. हवा, पाणी आणि वायपर मात्र तेव्हाही आपणच पाहावेत.

अवजारे फार लागत नाहीत. हवेचा दाब मोजणारा स्वतःचा गेज, १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप, सॉकेट पान्यांचा एक मध्यम संच, दोन स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे आणि जुन्या सुती कपड्यांची फडकी एवढे पुरते. पान्यांच्या संचात १० मिलिमीटरचा सॉकेट चांगल्या प्रतीचा असावा, कारण बॅटरीच्या टर्मिनलपासून फिल्टरच्या डब्यापर्यंत बहुतेक ठिकाणी तोच लागतो, आणि हटकून हरवतोही तोच.

टायर आणि हवा

घरच्या कामांत सर्वांत जास्त लक्ष टायरकडे द्यावे, कारण सुरक्षितता, अ‍ॅव्हरेज आणि खर्च या तिन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. हवा किती भरायची ते चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लावलेल्या स्टिकरवर लिहिलेले असते; हॅचबॅकमध्ये हा आकडा साधारण ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो आणि गाडीत पाच माणसे व सामान असेल तर मागच्या चाकांसाठी वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा हा टायर सहन करू शकेल असा कमाल दाब असतो आणि तेवढी हवा कधीही भरायची नसते. दाब मोजायचा तो सकाळी, गाडी चालवण्याआधी. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने वाढतो. त्यामुळे दहा-बारा किलोमीटर चालवून पंपावर गेल्यावर गेजने ३५ दाखवले म्हणून तिथे हवा काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. पंपावरचे गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतात, म्हणून एकाच गेजवर विश्वास ठेवायचा असेल तर तो आपला ठेवावा. नायट्रोजनबद्दल एवढेच सांगतो की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरावा, त्यासाठी रांगेत उभे राहू नये.

एकाच चाकातली हवा दर आठवड्याला कमी होत असेल तर पंक्चर शोधण्याआधी व्हॉल्व्ह तपासावा. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवावा; पंक्चरवाले थुंकीचे बोट लावतात तेही यासाठीच. थेंबाचा बुडबुडा हळूहळू फुगू लागला तर व्हॉल्व्हची पिन गेली आहे आणि काम फार थोड्या पैशांत होते. बुडबुडा आला नाही तर पंक्चरवाल्याकडे जावे.

टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. खाच झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की केवळ १.६ मिलिमीटर खोली उरलेली असते आणि कायद्याने तो टायर बाद ठरतो. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर चालवायची असेल तर मी त्या मर्यादेपर्यंत थांबण्याच्या बाजूचा नाही. ३ मिलिमीटरच्या आसपास आले की मे महिन्यातच नवे टायर घ्यावेत, कारण खाच उथळ झाली की रस्त्यावरचे पाणी बाहेर टाकण्याची तिची क्षमता झपाट्याने घटते. झीज कुठे झाली आहे तेही पाहावे. मधोमध झीज असेल तर हवा सतत जास्त भरली गेली आहे, दोन्ही कडांना असेल तर कमी, आणि फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा ठरलेला कोन, बिघडली आहे. हे शेवटचे काम मशीनवाल्याचे आहे. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा एक गट असतो, उदाहरणार्थ २३२१. याचा अर्थ तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नवा टायर घेताना दुकानातच हा गट वाचावा आणि डिकीतल्या स्टेपनीवरचाही वाचून पाहावा. स्टेपनी न वापरताही म्हातारी होते.

चाक बदलण्याचा सराव एकदा घरीच, सपाट जमिनीवर, दिवसाउजेडी करावा. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि जे चाक उचलायचे आहे त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट पाव फेरा सैल करावेत, कारण चाक हवेत गेल्यावर ते नटाबरोबर फिरते. जॅक लावण्याची जागा दारांखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचांच्या मध्ये असते. तिथेच लावावा, अन्यथा पत्रा दुमडतो. नट परत लावताना समोरासमोरचे, थोडे थोडे करून घट्ट करावेत. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा पीळ लागतो, म्हणजे गाडीबरोबर मिळणाऱ्या फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे ३०-३५ किलोंचा दाब. पान्यावर उभे राहून उड्या मारण्याची गरज नसते, तसे केल्याने आटे जातात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात, पाय किंवा डोके कधीही घालू नये, कारण जॅक सरकतो तेव्हा आधी काही इशारा मिळत नाही.

बॉनेटखाली काय पाहावे

महिन्यातून एकदा बॉनेट उघडून चार पातळ्या पाहायच्या असतात. ऑइलची पातळी पाहण्यासाठी गाडी सपाट जागी असावी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावीत, म्हणजे वर गेलेले ऑइल खाली उतरते. डिपस्टिक काढावी, पुसावी, पूर्ण आत घालावी आणि मग काढून वाचावी. पहिल्यांदा काढल्यावर दिसणारी खूण खरी नसते. बहुतेक छोट्या इंजिनांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे १ लिटरचे अंतर असते, त्यामुळे भरताना एका वेळी २०० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये आणि वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नये. ऑइल काळे दिसणे हा दोष नाही. ते दुधाळ चहासारखे दिसत असेल तर मात्र त्यात पाणी शिरले असल्याची शक्यता आहे, अशा वेळी गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे.

कूलंटची पातळी पारदर्शक टाकीवरच्या दोन खुणांमध्ये असावी आणि ती इंजिन थंड असताना पाहावी. गरम इंजिनवर रेडिएटरचे किंवा दाबाखालच्या टाकीचे झाकण उघडणे हा भाजण्याचा हमखास मार्ग आहे, कारण आतले पाणी १०० अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येते. भरायचे ते मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचेच कूलंट. केवळ रंग जुळला म्हणून दुसरे ओतू नये, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या रंगांना सामाईक अर्थ नसतो. बोअरचे पाणी तर मुळीच घालू नये. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये साचतो. दोन-तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा भरावे लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधणे हे मेकॅनिकचे काम आहे.

ब्रेक ऑइलची टाकी फक्त पाहावी, भरू नये. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन पुढे सरकतात, त्या जागेत ऑइल जाते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणजे ही पातळी पॅडच्या झिजेचा निरोप देत असते. वरून ऑइल भरले तर तो निरोप पुसला जातो, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल टाकीतून बाहेर सांडून रंग खाते. पातळी अचानक उतरली तर गाडी चालवू नये. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घटतो, आणि म्हणून बहुतेक गाड्यांत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. कोकणपट्टीत हा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा. चौथी टाकी काच धुण्याच्या पाण्याची, तिच्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

एअर फिल्टरसाठी बहुधा चार क्लिपा उघडायच्या असतात. फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरावा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदलावा, दिसत असेल तर आतल्या स्वच्छ बाजूने हलकी हवा मारून परत बसवावा. कागदी फिल्टर पाण्याने धुवू नये. नवा बसवण्याआधी डब्याच्या तळाशी साचलेली माती आणि पालापाचोळा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, आणि झाकण लावल्यावर रबराची कड सगळीकडून खाचेत बसली आहे ना हे बोट फिरवून पाहावे. मेट्रोची, पुलांची किंवा इमारतींची कामे सुरू असलेल्या भागातून रोज जाणे असेल तर मॅन्युअलमधल्या अंतराची वाट न पाहता दर ५,००० किलोमीटरला हे पाहावे.

एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली झुकतो आणि मागे आडवे अरुंद झाकण दिसते. फिल्टर ओढून काढताना त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे याचा फोटो घ्यावा आणि नवा त्याच दिशेने घालावा. गाडीत कोंदट वास येतो म्हणून गॅरेजमध्ये एसीच्या महागड्या ‘ट्रीटमेंट’चे पैसे भरण्याआधी हे पाच मिनिटांचे काम करून पाहावे, पुष्कळदा वासाचे मूळ तिथेच असते.

पावसाळ्यापूर्वीची कामे

उन्हाने वायपरचे रबर कडक होते आणि ते मृगाच्या पहिल्या सरीत कळते, जेव्हा समोरचे काहीच दिसत नसते. म्हणून पाती मेअखेरीस बदलावीत. चालकाच्या आणि शेजारच्या बाजूच्या पात्यांची लांबी बहुधा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावी. जुने पाते काढल्यावर वायपरचा दांडा उघडा राहतो आणि त्याला स्प्रिंगचा जोर असतो. तो निसटून काचेवर आपटला तर काच तडकते, म्हणून काम सुरू करण्याआधी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा. त्याच वेळी काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतला कचरा काढावा. गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाकळ्या आणि बारीक पानांचा लगदा साचतो, पाणी जाण्याची भोके बुजतात आणि पाणी गाडीच्या आत, चालकाशेजारच्या पायांखालच्या गालिच्यात उतरते. पावसाळ्यात उंदीर इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. तंबाखूची पाने टांगण्याचा उपाय अनेक जण सांगतात, पण माझा भरवसा आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहण्यावर आणि गाडी फार दिवस एका जागी उभी न ठेवण्यावर अधिक आहे.

बॅटरीची तपासणी मल्टिमीटरने सोपी होते. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी दोन टर्मिनलांमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट मिळाले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून मोजावे, १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग, बॅटरी चार्ज करतो आहे. नव्या काही गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी हा आकडा मुद्दाम खालीवर केला जातो, म्हणून एकाच वाचनावरून निकाल देऊ नये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढावी, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. याचे कारण असे की गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, आणि निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने टर्मिनल घासावीत, पुसून कोरडी करावीत आणि जोडल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. वायर काढल्याने घड्याळ, रेडिओ आणि काचांची स्वयंचलित हालचाल यांची सेटिंग जाऊ शकते, ती परत कशी लावायची ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

दुसऱ्याच्या गाडीवरून सुरू करायची वेळ आली तर लाल केबल आधी बंद पडलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडावे; काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्याजवळ पडू द्यायची नसते.

मोबाइल चार्जिंगचा सॉकेट, हॉर्न किंवा एका बाजूचा दिवा अचानक बंद पडला तर आधी फ्यूज पाहावा. त्यांचे रंग ठरलेले असतात : १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तोही लगेच उडाला तर वायरिंगमध्ये दोष आहे. तिथे मोठा फ्यूज घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बदलताना काचेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलकटपणामुळे त्या ठिकाणी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

ऑइल बदलण्याचे काम कोणाचे?

घरी करण्याच्या कामांच्या यादीत इंजिन ऑइल बदलणे हे काम हमखास असते. काम समजायला खरोखरच सोपे आहे : इंजिन किंचित गरम असताना खालचा नट काढून जुने ऑइल वाहू द्यायचे, नव्या वायसरसह नट परत लावायचा, फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट फिरवून तो हाताने बसवायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेले ३ ते ४ लिटर ऑइल वरून भरायचे. तरीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते करू नये असे माझे मत आहे. गाडीखाली शिरण्यासाठी रॅम्प किंवा भक्कम स्टँड लागतात, ते बहुतेकांकडे नसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या तळाचे आटे जास्त जोर लावल्याने गेले तर वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. आणि वापरलेले ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे; ते गटारात किंवा मातीत ओतता येत नाही, कचऱ्याच्या गाडीतही देता येत नाही, आणि गॅरेजवाल्याकडे मात्र ते गोळा करण्याची सोय असते.

यावर मधला मार्ग चांगला चालतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचे, म्हणजे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असे जे काही लिहिले असेल ते, सीलबंद ऑइल आणि कंपनीचा फिल्टर आपण विकत घ्यावा, ओळखीच्या गॅरेजमध्ये सकाळी पहिल्या नंबरला जावे आणि समोर उभे राहून बदलून घ्यावे. पुण्यात असाल तर नाना पेठेत हे सामान सहज मिळते. पार्ट नंबर मॅन्युअलशी किंवा जुन्या पार्टशी जुळवून आणि पाकिटावरची छापील किंमत पाहून घ्यावे आणि पावती मागावी. जाडसर ऑइल घातले की जुने इंजिन मऊ चालते असा सल्ला हमखास मिळेल. मॅन्युअलमध्ये तो दर्जा दिलेला नसेल तर तो ऐकू नये.

ज्याला हात लावू नये

ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची कामे वर सांगितलेल्या कसोटीनेच घरातून बाद होतात. सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरी उच्च दाबाच्या विजेच्या. दोन्हींपासून दूर राहावे. महाराष्ट्रातल्या शहरांत सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल स्पष्टच सांगतो : सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट, तेव्हा त्या पाइपचा एकही नट घरी सैल करायचा नाही. मालकाचे काम एवढेच की सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, चुकवू नये आणि गॅसचा वास आला तर व्हॉल्व्ह बंद करून, काचा उघडून, अधिकृत केंद्राला फोन करावा. एसीचा गॅस, टायमिंगचा पट्टा आणि क्लच हीदेखील मेकॅनिकचीच कामे.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा सुरू करून पाहणे हेही याच यादीत येते. हवेच्या वाटेने पाणी इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरलेले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. चावीला हात न लावता गाडी ढकलून कोरड्यात आणावी आणि टो करून गॅरेजमध्ये न्यावी. पाण्यात स्टार्टर मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही.

मेकॅनिककडे जाताना

एअरबॅग, सॉफ्टवेअर, चावीचे कोडिंग आणि कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची कामे यांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर बरे. ब्रेक पॅड, क्लच, बुश आणि खडखडाट यांसाठी जवळचा अनुभवी मिस्त्री पुष्कळदा अधिक चांगला असतो, कारण ज्याने गाडी पाहिली तोच ती उघडतो. त्याला उपाय सांगू नये, लक्षण सांगावे. ‘बेअरिंग बदला’ असे म्हटले तर तो बदलून देईल आणि आवाज कदाचित तसाच राहील. त्याऐवजी ‘४० च्या पुढे डाव्या पुढच्या बाजूने घुर्र आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो, उजवीकडे वळताना जास्त येतो आणि डावीकडे वळताना कमी होतो’ असे सांगितले तर निम्मे निदान तिथेच होते, कारण उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आवाज येतो की सरळ जातानाही येतो, ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरते की स्टिअरिंग, गाडी थंड असताना होते की गरम झाल्यावर, एवढ्या तीन-चार गोष्टी टिपून न्याव्यात.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारे छोटे यंत्र, उपयोगी पडतो. मोबाइलशी जोडला जाणारा साधा स्कॅनर फार महाग नाही आणि त्याचा सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली असतो. तो जो कोड दाखवतो ते लक्षण असते, निदान नसते. उदाहरणार्थ पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. कारण प्लग, त्याला वीज पुरवणारी कॉइल किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर यांपैकी काहीही असू शकते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत, इंजिन थंड असताना पहिली आणि दुसरी कॉइल अदलाबदल करून पाहता येते. कोड पुसून गाडी चालवल्यावर तो पी-०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइलच खराब आहे. एवढे घरी करून गेलेल्या माणसाला चारही कॉइल बदलण्याचे एस्टिमेट सहसा मिळत नाही.

काम देण्याआधी जॉब कार्डवर कामे आणि अंदाजे रक्कम लिहून घ्यावी आणि त्यापलीकडचे काही निघाले तर आधी फोन करायला सांगावे. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, कसलेसे कोटिंग अशी नावे पुढे आली की फोटो काढून ठेवलेला सर्व्हिसिंगचा तक्ता दाखवून ‘हे यात कुठे आहे’ एवढेच विचारावे. बदललेले जुने पार्ट मागून घ्यावेत. ते घरी न्यायचे नसले तरी पाहावेत, कारण झिजलेला पॅड आणि अर्धा उरलेला पॅड यांतला फरक कोणालाही दिसतो. आपण आणलेला पार्ट बसवून घेतला तर गॅरेज त्याची हमी देणार नाही हेही गृहीत धरावे, आणि ब्रेकच्या सामानात स्वस्त, अनोळखी नावाच्या मागे जाऊ नये.

गाडी परत घेताना पैसे देण्याआधी पाच मिनिटे काढावीत. बॉनेट उघडून ऑइलचे झाकण घट्ट आहे ना, डिपस्टिकवरची पातळी दोन खुणांमध्ये आहे ना, बॅटरीची टर्मिनल हलत नाहीत ना आणि फडके किंवा पाना आत राहिला नाही ना, हे पाहावे. गाडी सुरू करून डॅशबोर्डवरचे सर्व दिवे विझतात का ते पाहावे. ब्रेकचे काम झाले असेल तर गॅरेजच्या आवारातच पेडल तीन-चार वेळा दाबावे, कारण नवे पॅड बसवल्यावर पहिले एक-दोन दाब पोकळ जाऊ शकतात, आणि मगच रस्त्यावर निघावे. चाके काढली गेली असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट तपासण्याची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे घेतल्यावर तिच्या जागी फरशीवर ऑइलचा डाग पडला आहे का, तेही पाहावे.